जेवणानंतर एक

५ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

तुझं छापील पत्र पोचलं. सख्ख्या बहिणीला लिहायचं, तेही तुझ्या विमा कंपनीच्या कचेरीतल्या यंत्रातून काढून, आणि खालची सहीसुद्धा छापलेलीच. मला आधी वाटलं विम्याचा हप्ता चुकला. दोनदा वाचलं तेव्हा कळलं की पत्र घरचंच आहे आणि त्यात पेनं आहेत.

सोबतचा फोटोही पाहिला. निळ्या मखमलीत खाचा पाडून एकेक पेन निजवलंय, पाळण्यात तान्ही पोरं निजवावीत तसं. माप द्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, ही विकायची आहेत का? म्हटलं, नाही. मग लिहायला? म्हटलं, तेही नाही. मग? आता या ‘मग’चं उत्तर तूच दे बाबा. तू मोठ्या अभिमानानं लिहिलंस की यातल्या निम्म्या पेनांना आजवर शाईचा थेंब शिवलेला नाही. ज्या विहिरीतून कधी घागरभर पाणी निघालं नाही ती विहीर उत्तम, हे मी या वयात पहिल्यांदाच ऐकते आहे. आणि तुमच्या त्या पेनं जमवणाऱ्यांच्या मंडळात म्हणे पांढरे हातमोजे घालून पेन हातात घेतात. घेतात आणि ठेवतात. लग्नाला जायचं, नवरीचं तोंड बघायचं आणि उपाशी घरी यायचं, असलाच प्रकार.

पत्राचं खरं कारण तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. मागणारा आधी घरच्या सगळ्यांची खुशाली विचारतो ती उगाच नाही. ‘बाबांचं पेन तुझ्याकडे नुसतं पडून आहे, ते संग्रहात हवं.’ पडून नाही रे. ते आत्ता माझ्या हातात आहे. तू वाचतोयस ती ओळ त्याचीच.

तुला इथं येऊन बरेच दिवस झाले म्हणून सांगते. आईला आता सकाळचं दुपारी आठवत नाही. पण बाबा कंपाउंडर होते हे ती विसरलेली नाही. जन्मभर ते दवाखान्याच्या खिडकीमागे उभे राहिले आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत राहिले. जेवणानंतर एक, पाण्याबरोबर. डॉक्टरांनी स्वतः हातावर ठेवलेलं औषधही ती बाबांची चिठ्ठी असल्याशिवाय घ्यायची नाही. आजही घेत नाही. हृदयाची गोळी पुढे केली की विचारते, ‘यांनी लिहून दिलंय का?’ म्हणून मी रोज त्याच पेनानं चिठ्ठी लिहिते. ती अक्षरावरून बोट फिरवते, गोळी गिळते आणि चिठ्ठी फाडून टाकते. औषध संपलं की चिठ्ठी फाडायची, ही बाबांचीच शिस्त.

बाबा डावखुरे. उभ्या जन्मात डाव्या हातानं रेटून रेटून त्यांनी ती निब एका अंगाला उतरती करून टाकली आहे. मी उजव्या हातानं धरलं की ते पेन कुरकुरतं, पण अक्षर त्यांचंच उतरतं. जिथं बारीक यावं तिथं जाड, जिथं जाड यावं तिथं बारीक. एकदा मी दुसऱ्या पेनानं लिहून पाहिलं. आईनं गोळी खिडकीबाहेर टाकली. तूही त्यांच्यासारखाच डावखुरा, पण तुझा डावा हात आता भिंग धरण्यापलीकडे कशाला उरलाय?

तेव्हा पेन मिळणार नाही.

तुझी ताई
(सही हातानं केली आहे. वाळली की घडी कर.)


१६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्र वाचून करमणूक झाली. तुझी जीभ तुझ्या कात्रीपेक्षा धारदार आहे हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, नव्यानं पटवायची गरज नव्हती.

मी छापून लिहितो कारण ते वाचता येतं. कचेरीत हातानं लिहिलेला कागद कुणी पुढे सरकवत नाही, आणि माझं अक्षर तर आता मलाही आठवत नाही.

आता मुद्द्याचं. बाबांचं पेन ज्या कंपनीचं आहे ती आपल्या जन्माआधीच बंद पडली. काळ्यावर तांबड्या शिरा असलेली त्यांची पेनं फार थोडी निघाली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर आहेत आणि जुन्या पेनांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. मागच्या खेपेला तुझ्या टेबलावर काढलेला फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, हे पेन सध्या कुठं असतं? म्हटलं, बहिणीकडे, ती त्यानं औषधाच्या चिठ्ठ्या लिहिते आणि ब्लाउजची मापंही. ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. ताई, राग मानू नकोस, पण हे राजहंसाला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडण्यासारखं आहे. वस्तू वापरणारे गल्लोगल्ली असतात. जपणारा एखादाच.

मार्चमध्ये आमचं प्रदर्शन आहे. स्वतंत्र काचेचं कपाट, आत दिवा, खाली पाटी आणि पाटीवर बाबांचं नाव, ‘औषधनिर्माते’ असं. मी स्वतः येऊन पेन घेऊन जाईन आणि प्रदर्शन झालं की परत आणून देईन. आईच्या चिठ्ठ्या तू आधीच लिहून ठेवू शकतेस. इतकी साधी गोष्ट आहे, तिच्यासाठी विहिरी आणि नवऱ्या कशाला हव्यात?

तुझा
धाकटा


२७ फेब्रुवारी

चिरंजीव जपणाऱ्यास आशीर्वाद.

तुझं राजहंसाचं पत्र मी गिऱ्हाइकांना वाचून दाखवत होते. हसायला म्हणूनच. आई आतल्या खोलीत पडली होती, तिनं ऐकलं. उठून दारात आली आणि म्हणाली, ‘यांच्या पेनाला काचेचं कपाट?’ मी म्हटलं, तुझ्या लेकाचं खूळ आहे ते. तर म्हणाली, ‘असू दे. हे जन्मभर उभे राहिले, कुणी बस म्हटलं नाही. पेनाला तरी बसू दे चार दिवस.’

तिच्यापुढे माझी कात्री चालत नाही.

तेव्हा ये आणि घेऊन जा. पण ऐकून ठेव. धुवायचं नाही. घासायचं नाही. टोपण लावून ठेवायचं आणि तसंच परत आणायचं. शाई वाळून आत खडा झाला तरी चालेल, तो मी काढीन. मागच्या टोकाला बाबांच्या दातांच्या खुणा आहेत. औषधाचं प्रमाण आठवताना ते टोक चावायचे. त्या खुणांवर तुझ्या डॉक्टरांनी हातमोजा फिरवला तरी मला कळेल.

चिठ्ठ्या लिहायला बसले आहे. पत्र्याचा डबा भरला की थांबेन. डबा म्हणजे अक्षयपात्र नाही याची आठवण ठेव, तो रिता होतो.

आणि पाटीवर ‘औषधनिर्माते’ लिहू नकोस. ते कंपाउंडर होते. औषध निर्माण करायला ते काय देव होते?

ताई


२० मार्च

ती. ताईस सा. नमस्कार.

प्रदर्शन अपेक्षेपेक्षा फार मोठं झालं. बाबांच्या कपाटापुढे लोक थांबत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर काचेला नाक लावलं, शेवटी रखवालदारानं त्यांना मागे घेतलं. अध्यक्षांनी भाषणात पेनाचा उल्लेख केला. आईला सांग.

पेन अजून माझ्याकडे आलेलं नाही, काळजीचं कारण नाही. अध्यक्षांनी ते निरखून पाहण्यासाठी ठेवून घेतलं आहे. अशी संधी रोज येत नाही. त्यांच्याकडे जगातली उत्तमोत्तम भिंगं आहेत. थोडी निगाही राखतील.

पाटीवर ‘औषधनिर्माते’ राहिलं. छापून झालं होतं.

तुझा
धाकटा


१ एप्रिल

धाकट्यास,

प्रदर्शन संपलं, मांडव उठला, पण नवरदेव अजून डॉक्टरकडे. ही निगा म्हणजे काय असते ते मला कळेल अशा भाषेत लिही. आमच्याकडे कपडा शिवायला टाकला की शिवून देतात. तो नुसता निरखायला ठेवून घेतला असं सांगितलं तर गिऱ्हाईक चप्पल काढेल.

तुझ्या अध्यक्षांचं एक मला समजत नाही. जो माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात बोटं घालतो तो पेनाला हात लावताना हातमोजे घालतो, बरं. पण लिहीत नाही ते नाहीच. परवा इथल्या दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, त्याला मुद्दाम विचारलं, तुम्ही जुनी पेनं जमवता का? म्हणाला, आजी, मला नवं हरवलेलं सापडत नाही. हा मला शहाणा वाटला. दाढ त्यालाच काढू दिली.

चेष्टा पुरे. डब्याचा तळ दिसायला लागला आहे. मी त्याच चिठ्ठ्या पुन्हा वापरायला बघितल्या, फाडायच्या आधी हातातून काढून घेऊन. आई चिडली. म्हणाली, दुसऱ्याच्या बाटलीची चिठ्ठी मला लावतेस? गोळी चुरून दुधात घातली, तर तिनं कप नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. कंपाउंडरची बायको आहे ती, तुला-मला फसवता येईल, तिला नाही. इथल्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, ही गोळी चुकवायची नाही. चुकली की पायांवर सूज येते, मग धाप लागते.

हे पत्र बॉलपेननं लिहिलं आहे. अक्षर कसं पायात पाय घातल्यासारखं झालंय बघ.

पेन पाठव.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस सा. नमस्कार.

सोबत पार्सल आहे. उघडण्याआधी बस. तू ओळखणार नाहीस.

मी मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं, तुला चकित करायचं होतं. अध्यक्षांनी पेनाचा संपूर्ण कायाकल्प केला आहे, आणि तोही स्वतःच्या हातानं, दवाखान्यात रुग्णांना बाहेर बसवून. दातांना पॉलिश करायची जी बारीक चाकं असतात त्यांच्यावर त्यांनी बाहेरचं अंग घासलं. तांबड्या शिरा आता कशा रक्तासारख्या उठून दिसतात बघ. मागच्या टोकाचे खड्डे त्यांनी दातात भरतात त्या मसाल्यानं भरून रंगवून टाकले. जोड कुठं आहे ते मला भिंगातूनही दिसलं नाही.

आणि निब. ती एका बाजूनं पार झिजून वाकडी झाली होती. अध्यक्ष म्हणाले, कुणीतरी वर्षानुवर्षं चुकीच्या हातानं वापरलेली आहे. त्यांनी ती घासून दोन्ही अंगांनी सारखी केली. आता लोण्यासारखी चालते. कंपनीतून निघाली तेव्हा असेल तशी.

मंडळात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझं काम झालं की कधीतरी ते आमच्याकडे कायमचं येईल अशी आशा आहे, पण घाई नाही. डब्याचा प्रश्नही मिटला. आता हव्या तितक्या चिठ्ठ्या लिही, हातही दुखणार नाही.

तुझा
धाकटा


१७ एप्रिल

पार्सल मिळालं.

बसून उघडलं, तू सांगितलंस तसं. खरंच ओळखलं नाही. मी पोस्टमनला हाक मारून परत बोलावलं की हे दुसऱ्याचं आहे.

आयुष्यभर बाबांनी तुझ्यासाठी, माझ्यासाठी, त्या दवाखान्यात रांगेत उभ्या राहिलेल्या हरएक माणसासाठी ती निब झिजवली. एका माणसानं ती दुपारभरात सारखी केली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. चुकीचा हात म्हणाला ना तो? तू समोर उभा होतास. तुझे दोन्ही हात खिशात होते का?

बाबांनी मरेपर्यंत स्वतःचा दात काढू दिला नाही. ते गेल्यावर दातांच्या डॉक्टरनं त्यांच्या दातांच्या खुणासुद्धा भरून टाकल्या. धंद्याला जागला बिचारा.

मी चिठ्ठी लिहिली. पेन चाललं, हो, लोण्यासारखं. लोण्यावर कुणाचं अक्षर उमटतं? आईनं कागद हातात घेतला, बोट फिरवलं, खाली ठेवला. मला विचारलं, ‘कंपाउंडर बदलला का गं?’ मी म्हटलं, नाही, तेच आहेत. ती म्हणाली, ‘नव्या माणसाच्या हातचं मी घेत नाही. हे येतील तेव्हा बघू.’ आणि दाराकडे तोंड करून बसली आहे. ते येतील म्हणून.

जुन्या चिठ्ठ्या संपल्या. पाय सुजले आहेत. इथले डॉक्टर म्हणाले सुई देऊ. तर तिनं सुईचीही चिठ्ठी मागितली आणि हात पदराखाली घेतला. जबरदस्ती केली तर छातीवर ताण येईल, आठवडाभर बघू, नाहीतर दवाखान्यात हलवू, असं ठरलंय.

तू जपणारा. जप आता. मखमलीत एखादी खाच रिकामी असेल तर तिथं आईसाठी जागा ठेव, तीही जुनी आहे आणि आता कुणी वापरत नाही.

छापलेली माफी पाठवू नकोस. मी ती शिलाई मशीनखाली तेल टिपायला घालीन.


२४ एप्रिल

ताई,

हे हातानं लिहितोय, स्पीड पोस्टनं टाकतो, उद्या मिळेल. रेषा वर चढतेय, मला दिसतंय, पण खाली आणता येत नाही.

तुझं पत्र कचेरीत मिळालं. मी तसाच अध्यक्षांकडे गेलो. म्हटलं, निब पूर्वी होती तशी करून द्या. ते हसले. म्हणाले, दात घासून बारीक करता येतो, घासलेला परत वाढत नाही, तुम्हाला वाईट कशाचं वाटतंय, किंमत वाढलीय. मी काय बोललो ते लिहीत नाही. मंडळातून मला काढतील असं वाटतं. मीच आधी निघालो तर बरं.

घरी येऊन मखमलीतलं एक पेन काढलं. शाई भरली. आजवर कोरं होतं ते. शाळा सुटल्यापासून मी सहीपलीकडे काही लिहिलं नाही, आणि तीही छापतो. तळहाताची कड शाईनं माखली आहे. बाबांची असायची तशी. आई त्यांना जेवायला बसण्याआधी लिंबू द्यायची ते डाग काढायला, आठवतं का?

मला सुचत नाही आहे. एक ओळ लिहितो आणि थांबतो. मघाशी बघितलं तर पेनाचं मागचं टोक दातांत धरलं होतं. कोऱ्या पेनाला दोन खड्डे पडले.

रजा मिळाली की लगेच येतो. तोवर काय करू? जुन्या बाजारात अशी कुणी झिजवलेली निब मिळते का शोधू? तू म्हणशील ते करतो. तुला काय सांगू, मी ते पेन सुंदर झालं असं खरंच समजलो होतो. त्याच्याकडे बघत बसलो होतो. लिहून बघायचं सुचलंच नाही.

आईला तेवढं सांग.
जेवणानंतर एक. पाण्याबरोबर.

धाकटा


२७ एप्रिल

चिरंजीव धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू निघायच्या आत हे पोचेल का माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मशीनवर होते. आई दाराशीच बसलेली, पोस्टमननं तिच्याच हातात दिलं. मी आपली बाही जोडत होते. दोरा तोडायला मान वर केली, तर तिनं पाकीट फाडलेलं आणि कागद मांडीवर पसरलेला. चष्मा नव्हता. बोट फिरवत होती, ओळीवरून ओळीवर, उजवीकडे चढत. मला म्हणाली, ‘आज केवढं लांबलचक लिहिलंय यांनी.’

मी उठून जवळ गेले. कागद पाहिला. धाकट्या, जिथं बारीक यावं तिथं जाड, जिथं जाड यावं तिथं बारीक. कोऱ्या, कधी न झिजलेल्या निबेतून. मी मूर्खासारखी इतके दिवस त्या लोखंडाच्या तुकड्याला मान देत होते. अक्षर तुझ्या बाहीत होतं आणि तू ते विमा कंपनीच्या टेबलावर टेकवून बसला होतास. तुझ्या संग्रहातली सगळ्यात जुनी वस्तू तूच हातमोज्यात घालून ठेवली होतीस रे.

आईनं शेवटच्या ओळीवर बोट थांबवलं. म्हणाली, ‘बोलतात फार, पण कामाचं शेवटीच.’ आणि गोळी मागितली. पाण्याबरोबर घेतली. मग नेहमीसारखी कागद फाडायला निघाली. मी कात्री आणून खालची तेवढी पट्टी कापून तिच्या हातात दिली, ती तिनं फाडली. म्हणून तुझ्या पत्राला आता शेपूट नाही. माफीचा भाग मी ठेवला आहे. मशीनखाली नाही.

काल ‘पाण्याबरोबर’चं काही नव्हतं, तेव्हा तुझी ‘रजा मिळाली की लगेच येतो’ ही ओळ कापून दिली. ती वाचून म्हणाली, लगेच येणार म्हणतात, तोवर घेते. आज लिंबाची ओळ दिली. चष्मा न लावता तिला काय कळतं आणि काय नाही, ते तिचं तिला ठाऊक. सूज थोडी उतरली आहे. पण अशानं तुझं पत्र मला पुरायचं नाही, तेव्हा येताना चिठ्ठ्या लिहूनच आण. गाडीत बसून लिही, हललं तरी चालेल. पेन कुठलंही घे. आई काही पेनाची कंपनी विचारत नाही.

ते चकचकीत ध्यान मी कपाटात ठेवलंय. आलास की घेऊन जा. मखमलीत नको, खिशात ठेव आणि रोज लिही, वाण्याची यादी लिही, शिव्या लिही, तुझ्या त्या अध्यक्षाला राजीनामा लिही, पण डाव्या हातानं लिही. हळूहळू निब पुन्हा एका अंगाला उतरेल. आपल्या हयातीत पुरती उतरेल असं नाही, पण कुणीतरी सुरुवात करायला हवी.

आणि अडलास तर मागचं टोक खुशाल चाव. मसाला भरलेला आहे, दात जपून लाव.

ताई